जुना प्रोजेक्ट इन्स्टॉल होत नसेल, तर आधी पायथॉनची आवृत्ती ठरवा

मराठवाड्यातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागच्या बॅचचा प्रोजेक्ट पुढे न्यायला मिळणे ही नित्याची गोष्ट आहे. छत्रपती संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, हे प्रोजेक्ट बहुधा पेन ड्राइव्हवरूनच एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात. त्यांच्यासोबत लागणाऱ्या लायब्ररींची यादी असलेली ‘रिक्वायरमेंट्स’ नावाची एक फाइल असते आणि ‘आमच्याकडे चालत होतं’ असे एक आश्वासन असते. नव्या लॅपटॉपवर ती फाइल पिपला, म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाला, दिली की लाल अक्षरांच्या शेकडो ओळी येतात. मग विद्यार्थी दिसेल त्या लायब्ररीची आवृत्ती पुढे-मागे करत बसतो आणि एक एरर गेली की दुसरी उभी राहते. या लेखात त्या गोंधळातून क्रमाने बाहेर पडण्याची पद्धत दिली आहे. तिचा गाभा असा की लायब्ररींना हात लावण्यापूर्वी प्रोजेक्ट कोणत्या काळातला आहे ते पाहावे आणि त्या काळातली पायथॉनची आवृत्ती निवडावी, कारण इन्स्टॉलेशनच्या बहुतेक एरर तेवढ्यानेच नाहीशा होतात.

एक खुलासा आधीच करतो. सर्व आज्ञा आणि एररचे संदेश येथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये मात्र ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायचे आहेत.

उदाहरण म्हणून असा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर ठेवू या: लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीनच्या जुन्या दरांवरून पुढच्या आठवड्याचा अंदाज सांगणारे, २०२० साली लिहिलेले एक छोटे वेब ॲप्लिकेशन. त्याच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये फ्लास्क १.१.२, नमपाय १.१८.१, पांडाज १.०.३ आणि सायकिट-लर्न ०.२२.२ अशा चार लायब्ररींच्या ओळी आहेत, आणि शेजारी शिकवून तयार केलेल्या मॉडेलची पिकल फाइल, म्हणजे ते मॉडेल जसेच्या तसे साठवलेली फाइल, आहे. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे, म्हणजे सोबत आलेले पायथॉन ३.१२ आहे.

एरर वाचावी कशी

पिपचा संदेश शेवटून वाचण्याची सवय अनेकांना असते, पण येथे ती उपयोगी पडत नाही. शेवटच्या ओळींत पिप बहुतेक वेळा एवढेच सांगत असते की ही चूक माझी नाही, संबंधित पॅकेजची आहे. खरे कारण त्याच्या बरेच वर, पॅकेज बांधताना (म्हणजे लायब्ररी मूळ सोर्स कोडपासून वापरण्याजोगी करताना) चाललेल्या उपप्रक्रियेच्या मजकुरात असते. म्हणून आज्ञेला ‘--लॉग एरर.टीएक्सटी’ हा पर्याय जोडून सर्व मजकूर फाइलमध्ये घ्यावा आणि त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कोठे येतो ते शोधावे. पहिली एरर महत्त्वाची, कारण नंतरच्या बहुतेक तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ असा संदेश आला, तर ती लायब्ररी जगातून नाहीशी झाली असा अर्थ होत नाही. तुमच्या पायथॉनसाठी आणि तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी तिची मागितलेली आवृत्ती उपलब्ध नाही, एवढाच होतो. टेन्सरफ्लो १.१५ हे याचे नेहमीचे उदाहरण आहे, कारण ती आवृत्ती पायथॉन ३.७ च्या पुढे जातच नाही. जुन्या लॅबमध्ये हाच संदेश दुसऱ्या कारणानेही येतो. तिथल्या संगणकांवर कधी काळी ३२ बिटचे पायथॉन टाकलेले असते आणि टेन्सरफ्लो ६४ बिटचेच लागते. कधी कधी पिप वरच्या बाजूला ‘वेगळ्या पायथॉनची गरज असल्यामुळे पुढील आवृत्त्या वगळल्या’ अशा अर्थाची एक लांब ओळ देते. ती ओळ कंटाळवाणी दिसली तरी अवश्य वाचावी, कारण कोणत्या आवृत्तीला कोणते पायथॉन हवे ते तिथेच लिहिलेले असते.

‘सबप्रोसेस एक्झिटेड विथ एरर’ हा संदेश निराळा आहे. येथे पॅकेज सापडले, पण तयार बांधलेले सापडले नाही. म्हणून पिपने मूळ सोर्स उतरवून तुमच्याच संगणकावर बांधण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. आपल्या उदाहरणातील नमपाय १.१८.१ नेमके येथे अडकते. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ हा संदेश उबुंटू २३.०४ पासून आणि डेबियन १२ पासून दिसू लागला. त्याचा लायब्ररीच्या वयाशी काही संबंध नाही. सिस्टीमच्या पायथॉनमध्ये थेट काही टाकू नका, असे ऑपरेटिंग सिस्टीम तुम्हाला बजावत असते. त्यावर ‘--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ हा उतारा सर्रास सुचवला जातो, पण त्या पर्यायाच्या नावातच धोका लिहिलेला आहे आणि तो वापरू नये. ‘सुडो पिप’लाही हेच लागू आहे.

काळ ओळखणे आणि पायथॉन निवडणे

प्रोजेक्टचा काळ तीन ठिकाणी कळतो: गिट असेल तर शेवटच्या कमिटच्या तारखेत, नसेल तर फाइलींच्या तारखांत, आणि सर्वांत खात्रीने आवृत्त्यांच्या क्रमांकांत. पायपीआय या पायथॉन लायब्ररींच्या सार्वजनिक भांडाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक लायब्ररीच्या पानावर प्रकाशनांचा इतिहास असतो. तिथे आपल्याला हवी ती आवृत्ती उघडून ‘डाउनलोड फाइल्स’ या भागात जावे. तयार बांधलेल्या फाइलीला व्हील म्हणतात आणि तिच्या नावातच सर्व माहिती असते: ‘सीपी३८’ म्हणजे सीपायथॉन (नेहमीचे अधिकृत पायथॉन) ३.८, ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ६४ बिट विंडोज, ‘मॅनीलिनक्स’ म्हणजे सर्वसाधारण लिनक्स. नमपाय १.१८.१ च्या व्हील पायथॉन ३.८ वर थांबतात, पायथॉन ३.१२ ला चालणारे नमपाय १.२६ पासून पुढचे आहे. पांडाज १.० आणि सायकिट-लर्न ०.२२ यांचीही मर्यादा ३.८ हीच आहे. चारही ओळींचा असा ताळा घेतला की चारहींना चालणारी सर्वांत नवी आवृत्ती कळते: हा प्रोजेक्ट पायथॉन ३.८ वर चालवावा.

पायथॉन ३.१२ वर एवढे काय बदलले, असा प्रश्न साहजिक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीतून ‘डिस्टयूटिल्स’ आणि ‘इम्प’ हे दोन जुने मॉड्यूल काढून टाकले गेले, आणि नवे आभासी एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टच्या लायब्ररींसाठीचे स्वतंत्र फोल्डर) तयार करताना ‘सेटअपटूल्स’ आपोआप येणेही बंद झाले. जुन्या पॅकेजांच्या सेटअप फाइली या तिन्हींवर विसंबून होत्या. म्हणून ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’ किंवा ‘पीकेजीयूटिल’मध्ये ‘इम्पइम्पोर्टर’ नसल्याची तक्रार दिसली, तर नव्या पायथॉनवर जुने पॅकेज बांधले जात आहे असे निःशंकपणे समजावे. त्याआधी पायथॉन ३.१० मध्येही असाच एक धक्का बसला होता: ‘कलेक्शन्स’मधून ‘मॅपिंग’, ‘म्यूटेबलमॅपिंग’ वगैरे नावे थेट मिळणे बंद होऊन ती फक्त ‘कलेक्शन्स.एबीसी’मध्ये उरली.

येथे एक निर्णय घ्यावा लागतो: पायथॉन मागे न्यायचे की कोड पुढे आणायचा? माझे मत असे आहे की प्रोजेक्टमध्ये पिकल केलेले मॉडेल असेल आणि ते पुन्हा शिकवण्यासाठी लागणारा डेटा हाताशी नसेल, तर पायथॉन मागे न्यावे आणि वाद घालू नये. सायकिट-लर्नच्या एका आवृत्तीत साठवलेले मॉडेल दुसऱ्या आवृत्तीत उघडेल याची हमी ती लायब्ररी स्वतःच देत नाही. कधी ते उघडत नाही आणि कधी, त्याहून वाईट म्हणजे, उघडते पण निराळे आकडे देते. डेटा असेल आणि प्रोजेक्ट पुढे काही वर्षे चालवायचा असेल, तर कोड पुढे आणणे योग्य. मात्र तसे करायचे असले तरी आधी जुन्या पायथॉनवर प्रोजेक्ट एकदा चालवून त्याची उत्तरे नोंदवून ठेवावीत, नाहीतर बदलानंतर आलेली उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे ताडून पाहायला काहीच उरत नाही.

जुने पायथॉन मिळवणे

विंडोजवर हे सोपे आहे, पण एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. पायथॉन ३.८ च्या शेवटच्या आवृत्त्यांसाठी विंडोजचा इन्स्टॉलर बनवलाच गेला नाही; तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती ३.८.१० आहे, आणि ३.७ च्या बाबतीत ती ३.७.९ आहे. अधिकृत संकेतस्थळावर सर्वांत वरची ३.८ उघडून ‘इथे इन्स्टॉलरच नाही’ म्हणून परत फिरणारे पुष्कळ आहेत. ज्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे, तिथे तर ३.८ ही चालणारी शेवटचीच मालिका आहे. जुने पायथॉन टाकल्याने नवे जात नाही. ‘पीवाय -०’ ही आज्ञा दिली की संगणकावरील सर्व आवृत्त्या दिसतात आणि ‘पीवाय -३.८’ म्हटले की हवी ती चालू होते.

लिनक्सवर ‘पायएन्व्ह’ किंवा ‘यूव्ही’ यांपैकी पायथॉनच्या हव्या त्या आवृत्त्या आणणारे एक साधन वापरावे. पायएन्व्ह पायथॉन सोर्सपासून बांधते, त्याला वेळ लागतो आणि कंपायलर व काही डेव्हलपमेंट पॅकेज आधी टाकावी लागतात. यूव्ही तयार बांधलेले पायथॉन उतरवते, म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि लाईटचा भरवसा नसताना मी यूव्हीच सुचवेन. ‘यूव्ही व्हेन्व्ह --पायथॉन ३.८’ एवढी एकच आज्ञा पायथॉन आणून आभासी एन्व्हायर्नमेंटही तयार करते.

यूव्हीमध्ये ‘--एक्सक्लूड-न्यूअर’ नावाचा पर्याय आहे आणि जुन्या प्रोजेक्टसाठी तो फार मोलाचा आहे. त्याला एक तारीख दिली की त्या तारखेनंतर प्रकाशित झालेल्या आवृत्त्या जणू अस्तित्वातच नाहीत असे धरून तो लायब्ररी निवडतो. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्त्यांचे क्रमांकच नसतील, नुसती नावे असतील, तर प्रोजेक्टच्या शेवटच्या कमिटची तारीख द्यावी. त्या दिवशी ज्या आवृत्त्या मिळाल्या असत्या, त्याच आजही मिळतात.

स्वच्छ एन्व्हायर्नमेंट आणि पहिला प्रयत्न

यूव्ही वापरत नसाल, तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पीवाय -३.८ -एम व्हेन्व्ह एन्व्ह’ देऊन एन्व्हायर्नमेंट तयार करावे आणि ते सक्रिय करावे. मागच्या बॅचने दिलेले एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर सोबत आले असेल, तर ते निर्धास्तपणे टाकून द्यावे. त्यात त्यांच्या संगणकावरचे पूर्ण मार्ग कोरलेले असतात, त्यामुळे ते दुसरीकडे नेऊन चालत नाही.

नंतर ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप’ द्यावे. लायब्ररी जुनी असली तरी पिप जुने ठेवण्याचे कारण नसते, कारण जुन्या पिपला नव्या पद्धतीच्या मॅनीलिनक्स व्हील ओळखताच येत नाहीत आणि ते उगाच सोर्सपासून बांधायला बसते. पिपची त्या पायथॉनला चालणारी शेवटची आवृत्ती आपोआप निवडली जाते.

पहिला प्रयत्न ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’ हा पर्याय जोडून करावा. याने पिपला फक्त तयार व्हील घेण्याची मुभा राहते, बांधण्याची राहत नाही. त्यामुळे कोणत्या लायब्ररीची व्हील नाही हे अर्ध्या मिनिटात कळते आणि कंपायलरच्या तीनशे ओळी वाचाव्या लागत नाहीत. आपल्या उदाहरणात चारही लायब्ररी येथे विनातक्रार बसतात.

बसले, पण चालत नाही

आणि तरीही ॲप्लिकेशन सुरू होत नाही. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम एस्केप फ्रॉम जिंजा२’ अशी एरर येते, जिचा पायथॉनच्या आवृत्तीशी संबंध नाही. जुन्या प्रोजेक्टमधला सर्वांत फसवा प्रकार हाच, म्हणून येथे जरा थांबू.

फाइलमध्ये फ्लास्क १.१.२ असे ठाम लिहिलेले आहे, पण फ्लास्क स्वतः जिंजा, वर्कझ्यूग, इट्सडेंजरस आणि क्लिक या चार लायब्ररींवर उभे आहे आणि १.१.२ ने त्यांच्यासाठी फक्त खालची मर्यादा दिली होती, वरची नाही. ‘जिंजा २.१०.१ किंवा पुढची कोणतीही’ असे सांगितल्यावर पिपने आजची चालणारी सर्वांत नवी आवृत्ती आणली. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जिंजा ३.१ मधून ‘एस्केप’ काढलेले होते, म्हणून फ्लास्क कोसळले. प्रोजेक्ट लिहिणाऱ्याची यात चूक नव्हती. त्याने नाव न घेतलेली लायब्ररी त्याच्या पाठीमागे बदलली.

अशा वेळी ‘पिपडेपट्री’ नावाचे लहानसे साधन टाकावे. कोणती लायब्ररी कोणामुळे आली आणि तिच्यावर कोणाची काय अट आहे, हे ते वंशावळीसारखे दाखवते. त्यावरून दिसते की दुरुस्ती जिंजाची करायची आहे. पण त्याआधी मूळ लायब्ररीच्याच मालिकेत पुढची बारीक आवृत्ती आहे का ते पाहावे. फ्लास्कच्या कर्त्यांनी मे २०२१ मध्ये १.१.३ आणि १.१.४ या आवृत्त्या काढल्या, त्या प्रामुख्याने या चार लायब्ररींना वरची मर्यादा घालण्यासाठी. म्हणजे १.१.२ च्या जागी १.१.४ लिहिले की चारही लायब्ररी आपापल्या जुन्या आवृत्तीवर येतात आणि प्रोजेक्टच्या कोडला हात लावावा लागत नाही.

एवढ्यावर ‘सॉफ्ट_युनिकोड’ हे नाव सापडत नसल्याची नवी एरर येते. जुने जिंजा ‘मार्कअपसेफ’वर उभे आहे, त्या चौथ्या पायरीवर कोणीच वरची मर्यादा घातलेली नाही, आणि मार्कअपसेफ २.१ मधून हे नाव गेले आहे. येथे ‘कन्स्ट्रेंट्स’ फाइल कामाला येते. एका वेगळ्या फाइलमध्ये ‘मार्कअपसेफ<२.१’ अशी एक ओळ लिहावी आणि ‘पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -सी कन्स्ट्रेंट्स.टीएक्सटी’ अशी आज्ञा द्यावी. रिक्वायरमेंट्समध्ये तीच ओळ घातली तरी चालेल, पण वेगळी फाइल ठेवण्याचा फायदा असा की आपल्याला खरोखर हव्या असलेल्या लायब्ररी आणि केवळ आवर घालण्यासाठी लिहिलेल्या अटी एकमेकींत मिसळत नाहीत. शेवटी ‘पिप चेक’ द्यावे. कोणाची अट मोडली असेल तर ते नावानिशी सांगते. मात्र इम्पोर्टची वरच्यासारखी एरर पिप चेकला दिसत नाही, कारण कागदोपत्री कोणतीच अट मोडलेली नसते. म्हणून ॲप्लिकेशन प्रत्यक्ष सुरू करून पाहण्याला पर्याय नाही.

अटींची टक्कर

‘रिझोल्यूशन इम्पॉसिबल’ हा संदेश २०२० च्या अखेरीस पिप २०.३ सोबत कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या ते ठरवणारा नवा भाग आल्यापासून दिसू लागला. त्याआधीचे पिप परस्परविरोधी अटी असल्या तरी काहीतरी बसवून मोकळे होत असे, त्यामुळे त्या काळातील अनेक रिक्वायरमेंट्स फाइली मुळातच विसंगत आहेत. संदेशात कोणती दोन पॅकेज कोणत्या तिसऱ्यावरून भांडत आहेत ते लिहिलेले असते. फाइल ‘पिप फ्रीझ’ने काढलेली असेल, म्हणजे तिच्यात साठ-सत्तर ओळी असतील, तर प्रोजेक्टच्या कोडमध्ये प्रत्यक्ष इम्पोर्ट केलेल्या लायब्ररींच्या ओळी तेवढ्या ठेवून बाकीच्या काढाव्यात आणि त्या पिपला ठरवू द्याव्यात. फाइलमध्ये नुसते ‘एसकेलर्न’ असे नाव आढळले, तर ते बदलून ‘सायकिट-लर्न’ करावे. एसकेलर्न नावाचे पॅकेज आता मुद्दाम एरर देते.

बांधावेच लागले तर

व्हील कोठेच नसलेली एखादी लायब्ररी निघतेच. तिच्या संदेशात ‘यूज_२टू३ इज इनव्हॅलिड’ असेल, तर सेटअपटूल्स ५८ ने पायथॉन २ मधून रूपांतर करण्याची ती सोय बंद केली, हे कारण आहे. त्यासाठी एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘सेटअपटूल्स==५७.५.०’ आणि ‘व्हील’ आधी टाकावे आणि मग ती एकच लायब्ररी ‘--नो-बिल्ड-आयसोलेशन’ जोडून टाकावी. हा पर्याय विसरला तर पिप बांधकामासाठी स्वतंत्र तात्पुरती जागा करते, तिथे सेटअपटूल्सची नवी आवृत्ती आणते, आणि आपण केलेली तयारी वाया जाते. पायवायएएमएल ५.४.१ नव्या पायथॉनवर ‘सायथन_सोर्सेस’ असे म्हणून अडते, त्याचे मूळही याच तात्पुरत्या जागेत आहे: जुलै २०२३ मध्ये आलेले सायथन ३ (पायथॉनसारख्या कोडचे सी भाषेत रूपांतर करणारे साधन) तिथे आपोआप उतरते. तिथे खटपट करू नये, सरळ ६.०.१ घ्यावे. मात्र ‘यामल.लोड’ ही आज्ञा लोडर न देता लिहिलेली असेल, तर ती ‘यामल.सेफ_लोड’ करावी लागते.

‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० लागते’ ही ओळ आली की विद्यार्थी कित्येक जीबींची बिल्ड टूल्स उतरवायला घेतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. पायथॉनची एक आवृत्ती मागे गेल्यास तयार व्हील मिळते. उबुंटूवर ‘पीजी_कॉन्फिग’ सापडत नसेल तर ‘सायकोपीजी२-बायनरी’ घ्यावे, आणि मायएसक्यूएलक्लायंट अडत असेल तर ॲप्टने ‘डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह’, ‘पीकेजी-कॉन्फिग’ आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ टाकावे. ही सिस्टीमची पॅकेज असल्याने येथे पिपचा काही इलाज चालत नाही.

कोड पुढे आणण्याचे ठरवले असेल, तर बदल थोड्याच प्रकारचे असतात. नमपाय १.२४ मधून ‘एनपी.फ्लोट’ आणि ‘एनपी.इंट’ गेले, त्या जागी साधे ‘फ्लोट’ आणि ‘इंट’ लिहावे. पांडाज २ मधून डेटाफ्रेमचे ‘अपेंड’ गेले, तिथे ‘कॉन्कॅट’ वापरावे. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आल्यापासून, नमपाय १ धरून बांधलेली जुनी पॅकेज त्याच्यासोबत चालत नाहीत. तसा संदेश दिसल्यास ‘नमपाय<२’ ही अट सध्यापुरती पुरते.

नोडच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या, प्रोजेक्टविषयी दोन वाक्ये पुरेत. नोडचे पिपसारखे साधन असलेल्या एनपीएमच्या आवृत्ती ७ पासून पिअर डिपेंडन्सी (एका लायब्ररीला शेजारी हव्या असलेल्या इतर लायब्ररींच्या अटी) सक्तीने तपासल्या जातात, म्हणून जुन्या प्रोजेक्टला ‘ईरिझॉल्व्ह’ एरर येते. ‘--लेगसी-पिअर-डेप्स’ने ती टळते, पण लॉक फाइल, म्हणजे अचूक आवृत्त्यांची यादी, सोबत असेल तर त्या काळचे नोड टाकून ‘एनपीएम सीआय’ देणे अधिक चांगले.

लॅबमध्ये नेणे

महाविद्यालयाच्या लॅबमध्ये पंधरा-वीस संगणकांवर हेच करायचे असेल आणि नेट रडतखडत चालत असेल, तर प्रत्येक संगणकावर डाउनलोड करू नये. ज्या संगणकावर प्रोजेक्ट चालला, तिथे ‘पिप फ्रीझ’ने अचूक आवृत्त्यांची फाइल काढावी आणि ‘पिप डाउनलोड -आर लॉक.टीएक्सटी -डी पेट्या’ देऊन सर्व व्हील ‘पेट्या’ नावाच्या फोल्डरमध्ये घ्याव्यात. ते फोल्डर पेन ड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या संगणकावर ‘पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पेट्या -आर लॉक.टीएक्सटी’ दिले की इंटरनेटशिवाय सर्व बसते. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टीम, बिट आणि पायथॉनची आवृत्ती एकच हवी. लिनक्सवर उतरवलेल्या व्हील विंडोजवर चालणार नाहीत. डाउनलोडच्या मध्येच लाईट गेली, तर तीच आज्ञा पुन्हा द्यावी. पूर्ण उतरलेल्या फाइली पिपच्या कॅशमधून येतात. पुन्हा पुन्हा एकाच फाइलीवर हॅश जुळत नसल्याची तक्रार आली, तरच ‘पिप कॅश पर्ज’ने साठा रिकामा करावा.

पायथॉन ३.८ ला ऑक्टोबर २०२४ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि फ्लास्क १.१ ची मालिकाही थांबलेली आहे. असे ॲप्लिकेशन आपल्या संगणकावर, १२७.०.०.१ या पत्त्यावर चालवून परीक्षकांना दाखवायला हरकत नाही. बाजार समितीच्या आडत्यांना किंवा शेतकऱ्यांना ते इंटरनेटवरून वापरायला द्यायचे असेल, तर मात्र डेटा शोधून मॉडेल पुन्हा शिकवावे आणि कोड पुढे आणावा. पुढच्या बॅचला द्यायच्या फोल्डरमध्ये रिक्वायरमेंट्स आणि कन्स्ट्रेंट्स या फाइलींसोबत लॉक फाइल, ‘पेट्या’ हे फोल्डर, पायथॉन ३.८.१० चा इन्स्टॉलर आणि मॉडेल ज्यावर शिकवले ती दरांची सीएसव्ही फाइल ठेवावी.